उघड्या पाठीचे हेडफोन: उणिवांसकट आवडणारा आवाज

दोन्ही तळहातांची वाटी करा आणि कानांवर घट्ट ठेवा. बोटं मिटलेली, कडा गालांना टेकलेल्या. आता एखादं वाक्य मोठ्याने बोला. आपलाच आवाज रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, आणि बोलणं थांबवलं की शंखात ऐकू येतो तसा मंद घोंगाट उरतो. मग हात तिथेच ठेवून फक्त बोटं फाकवा. घुमणं जातं, घोंगाट जातो, खोलीतला पंखा पुन्हा पंख्याच्या जागी ऐकू येतो. हवेला बाहेर पडायला वाट मिळाली, एवढाच फरक.

ओपन-बॅक, म्हणजे उघड्या पाठीचे हेडफोन या एवढ्याशा फरकावर उभे आहेत. त्यांच्या कपांना बाहेरच्या बाजूने भिंत नसते. जाळी असते किंवा सरळ भोकं असतात. आत वाजणारं बाहेर ऐकू येतं, बाहेरचं आत येतं. बसमध्ये ते निरुपयोगी, आणि रात्री शेजारी कुणी झोपलं असेल तर त्याला त्रासदायक. त्यातले स्वस्त हेडफोन मोजणीच्या यंत्राला लावले की आणखीच उघडे पडतात: अगदी खालचा बेस गायब, मधे कुठे फुगवटा, वरच्या स्वरांत कुठे काटा. तरीही वर्षानुवर्षं मन लावून गाणं ऐकणारी, महागडे हेडफोन वापरून झालेली कितीतरी माणसं पुन्हा यांच्याकडेच वळतात. मीही त्यातलीच. हे प्रेम म्हणजे निव्वळ हौस किंवा जुन्या आठवणींचा हळवेपणा आहे, असं मला वाटत नाही. त्यामागे हवेचं, कानाचं आणि मेंदूचं पक्कं कारण आहे.

पडद्याच्या मागे काय होतं

बहुतेक हेडफोनच्या आत प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि जवळच चुंबक बसवलेलं असतं. वेटोळ्यातली वीज बदलली की ते पुढेमागे होतं, त्याच्याबरोबर पडदा हलतो आणि हवा ढकलतो, ओढतो. आपल्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी, की पडद्याला दोन बाजू आहेत. कानाकडची हवा तो ढकलतो त्याच क्षणी पाठीमागची हवा ओढतो. म्हणजे प्रत्येक हेडफोन मुळात दोन आवाज काढतो: एक कानाकडे, आणि तेवढाच मोठा पण नेमका उलटा दुसरा आवाज पाठीकडे. या दुसऱ्या आवाजाचं करायचं काय, हा हेडफोन बनवणाऱ्यांपुढचा जुना आणि मूळ प्रश्न.

बंद पाठीचा हेडफोन त्याला कोंडून ठेवतो. पण कोंडलेला आवाज गप्प बसत नाही. तो कपाच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि पडदा इतका पातळ असतो की त्यातून आरपार जाऊन कणभर उशिराने कानात पोचतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. कपाच्या आत समोरासमोरचं अंतर 3 सेंटिमीटर धरलं, तर त्या अंतरात येरझाऱ्या घालत घुमणारा स्वर येतो सुमारे 5,700 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा. आपल्या 'स' आणि 'श'ची धार असते तो हाच भाग, आणि कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो पट्टाही याला लागूनच आहे. त्यामुळे बंद हेडफोनमध्ये गायकाचा 'स' कधी सुरीसारखा लागतो, कधी खोक्यातून आल्यासारखा वाटतो.

हे टाळता येतं. कपाच्या आतल्या भिंती वेड्यावाकड्या ठेवायच्या, आवाज शोषणारी योग्य जाडीची लोकर किंवा स्पंज भरायचा, नेमक्या मापाची छिद्रं ठेवून दाब मोकळा करायचा. पण या प्रत्येक गोष्टीला डोकं लागतं, चाचण्या लागतात, पैसा लागतो. स्वस्त हेडफोनमध्ये नेमकी त्याचीच टंचाई. म्हणून स्वस्त बंद आणि स्वस्त उघडा यांची स्पर्धा बरोबरीची नसते. बंदवाल्याला हा अवघड प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. उघड्यावाल्याने तो प्रश्नच जाळीतून बाहेर घालवलेला असतो. कमी पैशांत मोकळा आवाज मिळतो तो कुणाच्या चमत्काराने नव्हे, एक मोठी अडचण अंगावर न घेतल्याने.

मग बेस कुठे जातो

या मोकळेपणाची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती खर्जात मोजावी लागते.

सायकलचा पंप आठवा. नळीच्या तोंडावर बोट घट्ट धरून दट्ट्या दाबला तर आत दाब तयार होतो, हाताला जोर लागतो. बोट सैल धरलं तर नुसतं फुस्स. खालच्या स्वरांच्या बाबतीत हेडफोनचं काम असंच चालतं. 20 हर्ट्झच्या एका लाटेची लांबी 17 मीटर असते. कानापुढच्या इवल्याशा जागेत ती मावायचा प्रश्नच नाही. तिथे पडदा लाट पाठवत नसतो, कानापुढच्या हवेला दाबत आणि सोडत असतो. ती हवा गादीने नीट अडवलेली असेल तरच दाब तयार होतो. स्वस्त उघड्या हेडफोनच्या गाद्या बहुतेकदा साध्या स्पंजाच्या असतात, आणि स्पंजातून हवा निसटते. शिवाय पाठ उघडी असल्याने मागचा उलटा आवाज वळसा घालून पुढच्याला येऊन मिळतो आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या स्वरांच्या लाटा आखूड, त्यांना हे फारसं बाधत नाही. खालच्या लाटा लांबलचक, त्या हमखास सापडतात.

स्वतः पाहायचं असेल तर स्पंजाच्या गाद्यांचा कोणताही हेडफोन घाला, बेस असलेलं गाणं लावा आणि दोन्ही बाजूंना बोटांनी हलकेच दाबा. बेस एकदम वर येतो. बोटं काढली की पुन्हा पातळ. हेडफोन तोच, फक्त गळती कमीजास्त झाली. चष्मा लावणाऱ्यांना याची दुसरी बाजू ठाऊक असेल: चांगल्या बंद हेडफोनच्या गादीखाली चष्म्याची काडी आली की बारीक फट पडते आणि ऐटीचा बेस निघून जातो. उघड्या हेडफोनमध्ये गळती आधीच हिशोबात धरलेली असल्याने चष्म्याने तेवढं बिघडत नाही. आयुष्यभर चष्मा लावलेल्या माझ्यासारखीला ही छोटी गोष्ट नाही.

आता एक सुंदर तडजोड बघा. प्रत्येक पडद्याची स्वतःची एक लय असते, झोपाळ्याला असते तशी. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. या प्रकारच्या बऱ्याच हेडफोनमध्ये पडद्याची ही लय 100 हर्ट्झच्या आसपास येते, आणि बनवणारे ती पूर्ण दाबून टाकत नाहीत. त्यामुळे तिथे बेसला थोडा फुगवटा येतो. त्याच्या खाली आवाज उतरणीला लागतो. यंत्राच्या आलेखावर दोन दोष दिसतात: एक फुगवटा आणि एक घसरण. कानाला मात्र ते दोन वेगवेगळे ऐकू येत नाहीत. फुगवटा घसरणीची बरीचशी भरपाई करतो आणि 'ऊबदार' आवाज ऐकू येतो. हिशोबाच्या वहीत चूक, पण जमाखर्च जुळलेला.

याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे कॉस कंपनीचा पोर्टा प्रो. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातली ही कंपनी. गाणी ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन तिने 1958 मध्येच आणला होता. पोर्टा प्रो आला 1984 मध्ये, आणि चाळीस वर्षांनंतरही जवळपास त्याच रूपात विकला जातो. पत्र्याच्या दोन पातळ पट्ट्या डोक्यावरून जातात, कानशिलांवर टेकायला छोट्या गाद्या, कानावर स्पंज, आणि मिटला की खिशात मावतो. पट्टीत केस अडकतात. दिसायला आजच्या बाजारात अगदी जुनाट. अमेरिकेत तो साधारण 50 डॉलरला मिळतो. त्याच घराण्यातला, डोक्यावरची पट्टी न देता कानाला अडकवायचा केएससी 75 साधारण 20 डॉलरच्या घरात. पोर्टा प्रोचा बेस फुगीर आहे, टोकाचे वरचे स्वर मंदावलेले आहेत. आणि तरीही त्यावर ऐकलेला माणसाचा आवाज समोर बसून बोलणाऱ्या माणसाच्या आवाजासारखा वाटतो.

गाळलेलं कान भरून काढतो, घुसडलेलं नाही

आता माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे तिकडे येते.

जुना तारेचा टेलिफोन आठवा. त्यातून साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर असतो 100 ते 130 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो टेलिफोनमधून येतच नव्हता. तरी काकांचा फोन आला की आवाज काकांचाच, भरदार, खालच्या पट्टीतला ऐकू यायचा. तो बायकी झाला असं कधी कुणाला वाटलं नाही. कारण मूळ स्वर नसला तरी त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वरांश पोचत होते. त्यांच्यातलं अंतर पाहून मेंदू ओळखतो की याखाली अमुक स्वर असलाच पाहिजे, आणि तो आपल्याला चक्क ऐकवतो.

आता हेच तंबोऱ्याला लावून बघा. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण 139 हर्ट्झचा, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 हर्ट्झच्या आसपास. स्पंजाच्या गाद्यांच्या उघड्या हेडफोनमध्ये इथे किंवा याच्या जरा खाली उतार सुरू झालेला असतो. म्हणजे खर्ज मार खाणार? प्रत्यक्षात तसं जाणवत नाही, कारण तंबोरा हे स्वरांशांनी गच्च भरलेलं वाद्य आहे. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढली जाते, ती त्यासाठीच. तार घोडीच्या पसरट पाठीवर हलकेच घासत राहते आणि वरच्या स्वरांशांचा मोहोर फुटतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये तंबोरा आणि वीणेवर लिहिताना हेच नोंदवलं होतं: नेहमीच्या नियमाप्रमाणे जे स्वरांश उमटूच नयेत, तेही या घोडीमुळे ठसठशीत उमटतात. 139, 208, 277, 347 असे एकावर एक स्वरांश पोचत असताना 69 थोडा दबला तरी कान त्याला हरवू देत नाही.

जवारीचं उदाहरण देताना एक सावधगिरी बाळगायला हवी. वाद्याने स्वतःचा रंग द्यायचा असतो, हेडफोनने नाही. त्याचं काम आहे दुसऱ्याचा रंग पोचवणं. 'जवारी म्हणजे दोषच की, म्हणून हेडफोनचे दोषही गोड' असं म्हणणं मला पटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. दोष दोन जातींचे असतात. एक गाळण्याचे आणि एक घुसडण्याचे. गाळलेलं मेंदू भरून काढतो, निदान त्याची सवय करून घेतो. मूळ ध्वनिमुद्रणात नसलेला खोक्याचा नाद, 'स'ला आलेली धार, प्रत्येक ठोक्यामागे रेंगाळणारा घोंगाट हे घुसडलेलं असतं. ते वगळून ऐकायची युक्ती मेंदूकडे नाही. पाच मिनिटांत त्याकडे लक्ष जाईनासं झालं, तरी तासाभराने डोकं दुखायला लागतं. स्वस्त उघड्या हेडफोनचे दोष बहुतांशी पहिल्या जातीचे, स्वस्त बंद हेडफोनचे बरेचसे दुसऱ्या जातीचे. आलेखावर दोन्ही सारख्याच वाकड्यातिकड्या रेघा दिसतात, पण त्यांच्याबरोबर राहणं सारखं नसतं.

आपण काय ऐकतो यावरही खूप अवलंबून आहे. 1925 पूर्वीच्या तबकड्या शिंगाच्या तोंडाशी गाऊन कोरल्या जात. त्यांत साधारण 250 ते 2,500 हर्ट्झ एवढाच आवाज मावायचा. बालगंधर्वांच्या किंवा त्या पिढीच्या जुन्या तबकड्या ऐकताना 40 हर्ट्झचा बेस देणारा हेडफोन अधिक काय देणार? तबकडीची घरघर. उघडा, खर्जात थोडा हात आखडणारा हेडफोन तिथे गाणं देतो आणि घरघर बरीचशी सोडून देतो. ख्याल, ठुमरी, अभंग, भावगीत, सतार, बासरी, व्हायोलिन यांचा जवळपास सगळा ऐवज या हेडफोनच्या आवाक्यात येतो. डग्ग्याची मींड सुद्धा छान कळते, फक्त तिचं वजन थोडं कमी लागतं.

उलट ज्या संगीतात 30 ते 50 हर्ट्झमधला बेस हाच पाया आहे, म्हणजे आजची नाचाची गाणी, इलेक्ट्रॉनिक संगीत, स्फोटांनी भरलेले चित्रपट, तिथे हे हेडफोन खरोखर अपुरे पडतात. ढोल-ताशा पथकाचं ध्वनिमुद्रण ऐका: ताशाची तर्री अंगावर शहारा आणेल इतकी लख्ख, आणि ढोल मात्र गल्ली सोडून दोन गल्ल्या पलीकडे गेल्यासारखा. इथे मेंदूही फार मदत करू शकत नाही, कारण त्या ठोक्यात स्वरांशांपेक्षा दाबच जास्त असतो.

सगळेच उघडे हेडफोन ऊबदार नसतात हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ग्राडो कंपनी 1953 मध्ये जोसेफ ग्राडो यांनी घरातल्या जेवणाच्या टेबलावर सुरू केली. पुढे कुटुंबाच्या फळांच्या दुकानाची इमारतच कारखाना झाली. रेकॉर्ड प्लेअरची सुई जिच्यात बसवलेली असते ती कार्ट्रिज बनवणाऱ्या या घराने नंतर हेडफोन काढले, आणि त्यांतला स्वस्तातला एसआर 60 गेली तीन दशकं वेगवेगळ्या आवृत्त्यांत चालू आहे. त्याचा आवाज तिखट. गिटारची तार छेडताना नखाचा स्पर्श कळावा इतका पुढे आलेला. आलेखावर तिथे उघड उघड उंचवटे आहेत, म्हणजे हा घुसडण्याचाच दोष. कुणाला तो जिवंत वाटतो, कुणाला अर्ध्या तासात नकोसा होतो. मी दुसऱ्या गटात आहे. पण कमी आवाजात, तंतुवाद्य ऐकताना, त्याच्या चाहत्यांना काय सापडतं ते मला कळतं.

हवा, घाम आणि आईची हाक

उघड्या हेडफोनबद्दल बोलताना लोक 'आवाज डोक्याबाहेर गेल्यासारखा वाटतो' असं म्हणतात. यात खरं किती? स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी उशिराने, आणि त्या उशिरावरून मेंदू दिशा ठरवतो. हेडफोनमध्ये डावं डाव्याला, उजवं उजव्याला. उघडी पाठ असली तरी हे फारसं बदलत नाही. म्हणजे नेहमीच्या ध्वनिमुद्रणातलं व्यासपीठ समोर मांडलेलं ऐकू येणं हेडफोनकडून जवळपास शक्य नाही, उघड्याकडूनही नाही. जे मिळतं ते वेगळं आहे. कानावर दाब नसतो, कपाचा घोंगाट नसतो, आणि खोलीचे बारीक आवाज, पंख्याचा, बाहेरच्या चिमण्यांचा, आत येत राहतात. आपण खोलीतच आहोत याची मेंदूला खात्री राहते, म्हणून गाणंही खोलीत वाजल्यासारखं वाटतं. बंद खोलीऐवजी ओसरीवर बसून ऐकण्यासारखं.

या कल्पनेचा जन्म 1968 मधला. जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या सेनहायझर कंपनीने त्या वर्षी एचडी 414 बाजारात आणला. त्याआधीचे हेडफोन जड, बंद, कान आवळणारे असत. हा स्पंजाच्या गाद्यांचा, दीडशे ग्रॅमपेक्षाही हलका, पाठ उघडी. पुढे त्याचे एक कोटीहून अधिक नग विकले गेले. 1979 च्या जुलैत सोनीचा वॉकमन आला तो स्पंजाच्या गाद्यांच्या, जेमतेम 50 ग्रॅमच्या आसपासच्या हलक्या हेडफोनसह. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कुणाच्या तरी आखातातल्या मामाने आणलेल्या वॉकमनबरोबर आलेला हेडफोन अनेकांना आठवत असेल. तो याच वंशातला.

आपल्या हवेत याचा आणखी एक फायदा आहे, तो युरोपातल्या लिखाणात फारसा भेटत नाही. एप्रिल-मेमध्ये कानांना रेक्झिनच्या गाद्यांनी वेढून बसलं की पंधरा मिनिटांत कान भिजतात. स्पंज हवा खेळू देतो. त्याचा तोटाही इथलाच: दमट हवेत हा स्पंज काही वर्षांत आपोआप भुसभुशीत होतो आणि केसांत काळा चुरा पडायला लागतो. माझ्या एका हेडफोनचं तिसऱ्या पावसाळ्यात तेच झालं. बरं एवढंच, की गाद्या वेगळ्या मिळतात आणि दोन मिनिटांत बसतात. मात्र आधीच्याच जाडीच्या घ्या. पडदा कानापासून दोन मिलिमीटर लांब गेला तरी आवाज बदलतो.

आणि हाक. आई आतल्या खोलीतून हाक मारते ती मला ऐकू येते. बंद हेडफोन असताना तिला उठून यावं लागायचं, माझ्या खांद्याला हात लावावा लागायचा, आणि मी दचकायचे. आमच्या घरात उघडा हेडफोन टिकून राहिला त्याचं पहिलं कारण हेच होतं. आवाजाचं कौतुक नंतर सुरू झालं.

दुसरी बाजू लपवू नये. गोंगाटात उघडा हेडफोन वापरू नका. लोकलमध्ये किंवा रस्त्याकडेला बाहेरचा आवाज झाकायला आपण नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने आठवड्याला 40 तास ऐकायचं असेल तर आवाज 80 डेसिबलच्या आत हवा. तो वाढला की सुरक्षित तास झपाट्याने कमी होतात. उघडा हेडफोन शांत खोलीसाठी आहे, आणि शांत खोलीत तो कमी आवाजातही पुरतो.

किमतीचं काय

स्वस्तात चांगलं मिळतं हा चाहत्यांचा गोड भ्रम असेल, अशी शंका येणं साहजिक आहे. मलाही होती. 2017 मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनची मोजणी तपासली आणि विचारलं: किंमत आणि कोणते स्वर किती जोरात येतात याचा आलेख, यांचा काही संबंध आहे का? उत्तर आलं, नाही. महाग हेडफोन घेताना आपण बांधणीला, साहित्याला, नावाला पैसे देतो. स्वरांचा समतोल त्याबरोबर येईलच असं नाही.

स्पीकर आणि हेडफोन बनवणाऱ्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि सहकाऱ्यांनी गेल्या दशकात बरीच वर्षं लोकांना हेडफोनची नावं न सांगता आवाज ऐकवले आणि काय आवडलं ते नोंदवलं. बहुतेकांना आवडला तो चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा समतोल, बेस किंचित वर. पण सगळ्यांना नाही. ऐकणाऱ्यांचे त्यांनी तीन गट पाडले: सुमारे 64 टक्के या समतोलाचे, सुमारे 15 टक्क्यांना त्याहून जास्त बेस हवा होता, आणि सुमारे 21 टक्क्यांना कमी. हा तिसरा गट मला फार मोलाचा वाटतो. पाचात एक माणूस असा आहे ज्याला बेस कमी असलेला आवाज मुळातच जास्त आवडतो. त्याला 'तुझा हेडफोन अपूर्ण आहे' असं सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या कानाला तो पूर्ण आहे.

ज्यांना खर्ज थोडा वर हवा आहे ते फोनमधल्या इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळे स्वर कमीजास्त करायच्या सोयीने, 80 ते 120 हर्ट्झचा फुगवटा थोडा उतरवून त्याखालचा भाग तीन-चार डेसिबलने चढवू शकतात. याहून जास्त मागू नका. पडदा लहान आहे, स्पंज गळका आहे. जास्त ढकललं की तो फडफडतो आणि गाळण्याचा दोष घुसडण्याच्या दोषात बदलतो.

पहिल्यांदाच घेणार असाल तर दुकानात गाजलेलं, दणदणीत गाणं लावून पारख करू नका. त्यात बंद हेडफोनच जिंकेल, आणि घरी येऊन आठवड्याने काढून ठेवला जाईल. एखाद्या मैफलीचं ध्वनिमुद्रण लावा, शक्यतो सुरुवातीचं, गायक बसतोय, तंबोरे नुसते सुरात चालू आहेत तिथलं. आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा. मिरजेच्या कारागिराने जुळवलेली जवारी फिरताना ऐकू येते का, दोन तंबोरे दोन जागी ठेवलेले कळतात का, गायकाने पहिला षड्ज लावण्याआधी घेतलेला श्वास सापडतो का, एवढं बघा. मग दोन्ही बाजूंना बोटांनी हलकेच दाबा. खर्ज भरेल, आणि त्याचबरोबर तंबोरे एकमेकांत मिसळून जवळ येतील. बोटं सोडा. खर्ज थोडा उतरेल, तंबोरे पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसतील. या दोन्हींतलं कोणतं ऐकत रात्रीचे दोन तास बसावंसं वाटतं, ते तुमचे कान दुकानातच सांगतील.